फटाक्यांच्या रात्री कुत्रा: गावाकडच्या घरासाठी दसऱ्यापासूनची तयारी

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "आमचा मोत्या दिसला का रे कुठं?" रात्री फटाके सुरू झाले की कुत्री दावं तोडून निघतात. काही पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात सापडतात, काही रस्त्यावर गाडीखाली येतात, काही सापडतच नाहीत. सहा वर्षांपूर्वी आमचा काळ्याही असाच गेला. नेहमीसारखं मी त्याला गुरांच्या कोठ्याच्या खांबाला साखळीने बांधलं होतं. गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला, त्याने झटका मारला आणि साखळी तुटली. तिसऱ्या दिवशी दुपारी नाल्यापलीकडच्या तुरीत तो दिसला. गळ्याभोवतीची कातडी सोलून निघाली होती, पुढच्या पायांची नखं रक्ताळलेली होती आणि मी हाक मारली तरी तो जवळ यायला तयार नव्हता. बांधणारा मीच होतो, त्यामुळे ती चूक अजून मनातून जात नाही.

त्यानंतर डॉक्टरांना विचारून, वाचून आणि काळ्याकडे बघत बघत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. यंदा पहिल्यांदाच ज्यांच्या घरी कुत्रं आलंय, त्यांच्यासाठी हे जास्त आहे.

आधी हे समजून घ्या

गावात लोक म्हणतात, "राखणीचा कुत्रा अन् फटाक्याले भेते?" हो, भितो. रानडुकराच्या अंगावर धावून जाणारा कुत्राही भितो. डुकराला वास असतो, ते कुठून येतंय हे कळतं, त्याच्यावर भुंकलं तर ते पळतं. फटाक्याचं तसं काहीच नसतं. तो कुठे फुटेल, कधी फुटेल, किती वेळ चालेल, काही कळत नाही. शिवाय आपल्याला साधारण 20,000 हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 45,000 च्या आसपास आणि त्याहूनही वरचे. आपल्या कानात दडा बसतो तिथे त्याचं काय होत असेल याचा अंदाज करा. वरून फटाक्याच्या दारूचा वास आणि डोळ्यांत घुसणारा उजेड.

दुसरा गैरसमज असा की दोन-तीन दिवाळ्या गेल्या की सवय होते. बऱ्याच कुत्र्यांचं उलटं होतं. भीती दरवर्षी वाढते आणि मग ढगांचा गडगडाट, ट्रॅक्टरचा फटफट आवाज, दार आपटणं, यालाही ती दचकू लागतात. इतकी वर्षं फटाक्यांकडे न बघणारा म्हातारा कुत्रा अचानक घाबरायला लागला, तर त्याला सांधेदुखी किंवा दुसरं काही दुखणं आहे का हे डॉक्टरांना दाखवा. दुखणाऱ्या अंगाने दचकलं की दुखणं आणि आवाज यांची गाठ पडते.

घाबरलेला कुत्रा ओळखायला शिका. थरथर आणि शेपूट पोटाखाली हे सगळ्यांना दिसतं. त्याआधीच्या खुणा सुटतात: उगाच जांभया, ओठ चाटणं, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, थंडीतही धापा, भिंतीचा कोपरा उकरणं. माझी सोपी कसोटी अशी की एरवी ज्यावर तुटून पडतो ते हातात धरा. तोंड फिरवलं तर तो फार घाबरलेला आहे.

पहिलं काम: जागा

सगळ्यात जास्त महत्त्व मी याला देतो आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त अडतंही इथेच. गावाकडे कुत्रा अंगणात, फार तर सपरीत. उंबऱ्याच्या आत नाही. मी पहिल्यांदा काळ्याला आत घ्यायचं म्हटलं तेव्हा आई म्हणाली, "लक्ष्मीच्या दिवशी कुत्रं घरात? काहून रे बाबू?" घर सारवलेलं, रांगोळी काढलेली, तिचंही चुकत नव्हतं. मी वाद घातला नाही. मागची छोटी खोली मागितली, ती मीच झाडून देईन म्हटलं आणि देवघराकडचं दार बंद ठेवायचं कबूल केलं. तुमच्या घरी काय चालेल ते तुम्हीच ठरवा, पण दसऱ्यालाच ठरवा. ऐन पूजेच्या वेळी हा विषय काढला तर कुत्रा बाहेरच राहतो.

खोली कशी हवी? रस्त्यापासून सगळ्यात आतली, कमी खिडक्यांची, दार नीट लागणारी. पक्की न्हाणी चालते. धान्याची खोली चांगली वाटते, पण तिथे आपण काय काय ठेवतो ते आठवा: फवारणीची औषधं, उंदराचं औषध, धान्यात टाकायच्या गोळ्या. त्या गोळ्यांचा गॅस जीव घेतो. ज्या खोलीत त्या टाकल्यात तिथे कुत्र्याला ठेवू नका, माणसानेही झोपू नये. बाकीची औषधं बाहेर, कुलपात.

खिडकीला गोधडी किंवा जाड चादर दुहेरी लावा, म्हणजे उजेड येणार नाही. सोयाबीनची पोती घरातच असतील तर ती रस्त्याकडच्या भिंतीला लावून रचा. भरल्या पोत्यांनी आवाज बराच दबतो. खोलीत बाज टाकून तिच्यावरून चादर खाली सोडली की त्याला गुहा मिळते. खाली त्याचंच जुनं पोतं अंथरा. धुऊ नका, वास राहू द्या.

कोठ्यात का नको, असं अनेक जण विचारतात. कोठा उघडा असतो, आवाज अडत नाही, हे एक. बाजूला कुटाराचा, म्हणजे वाळलेल्या भुशाचा, ढीग असतो, हे त्याहून मोठं कारण. रॉकेट येऊन कुटारावर पडलं तर बांधलेल्या जनावराला पळता येत नाही. त्या रात्री गाईबैलांचीही दावी सहज सुटतील अशी ठेवा आणि कोठ्याजवळ पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवा.

जंगलाला लागून गाव असेल, ताडोबाच्या, पेंचच्या किंवा मेळघाटच्या बाजूला, तर रात्री बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याला आयताच मिळतो. तिथे तर बाहेर बांधण्याचा प्रश्नच येऊ नये.

काही जण कुत्र्याला वावरातल्या झोपडीत नेतात. गावापासून दोन-तीन किलोमीटरवर आवाज खरंच कमी असतो. पण नेऊन बांधून परत येणार असाल तर नेऊ नका. तुम्ही स्वतः जागलीला थांबणार असाल तरच. आणि डुकरं हाकलायला त्या रात्री तुम्हीच फटाका लावू नका.

जागा ठरली की रोज संध्याकाळी कुत्र्याला तिथे भाकर द्या. दार उघडं असू द्या, कोंडू नका. आठ-दहा दिवसांत तो आपणहून जाऊन बसायला लागतो. पहिल्यांदा त्याच रात्री ढकललेली खोली त्याला सापळा वाटते.

दुसरं काम: आवाजाची ओळख

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीस दिवस मिळतात. मोबाइलवर फटाक्यांच्या आवाजाची चित्रफीत काढा आणि आवाज अगदी बारीक ठेवा, इतका की तुम्हालाही कान द्यावा लागेल. ती सुरू असताना कुत्र्याला उकडलेल्या अंड्याचे तुकडे द्या. आवाज बंद, अंडं बंद. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तो आरामात खातोय, कान सैल आहेत, असं दोन दिवस दिसलं की आवाज एक घर वाढवा. खाणं थांबवलं, दाराकडे बघू लागला, तर तुम्ही घाई केली. दोन घरं खाली या.

या सरावाची मर्यादाही सांगतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून जमिनीत भिनणारा धमाका निघत नाही. ब्लूटूथ स्पीकर असेल तर थोडा बरा. पिल्लांना आणि थोडं दचकणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो. नुसत्या चित्रफितीनेच जो थरथरू लागतो त्याच्यावर वीस दिवसांत हा प्रयोग करू नका, भीती पक्की होईल. तुळशीच्या लग्नानंतर, सगळं शांत झाल्यावर, महिनोन्‌महिने सावकाश करा.

तिसरं काम: डॉक्टर

ज्याची भीती मोठी आहे, म्हणजे दात-नखं मोडेपर्यंत दार ओरबाडतो, दोन-दोन दिवस खात नाही, त्याला औषध लागू शकतं आणि ते देण्यात काही कमीपणा नाही. दिवाळीच्या किमान पंधरा दिवस आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. 1962 या नंबरावर पशुसंवर्धनाच्या फिरत्या पथकाची मदत मागता येते. गुंतागुंतीचं असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यक संस्था गाठावी. डॉक्टरांना "झोपेचं द्या" असं म्हणू नका, "भीती कमी करणारं द्या" असं म्हणा. फरक मोठा आहे. ॲसेप्रोमॅझिनसारख्या गुंगीच्या औषधाने एकट्याने अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते. पळता येत नाही, ओरडता येत नाही आणि बॉम्ब मात्र ऐकू येत असतो. भीतीवरची वेगळी औषधं आहेत. ती वजनावर, वयावर, यकृत-हृदयाच्या स्थितीवर ठरतात. मिळालेली गोळी एखाद्या शांत दिवशी डॉक्टरांना विचारून देऊन बघा, म्हणजे तिचा असर किती वेळाने होतो आणि कसा होतो हे त्या रात्रीआधी कळतं.

माणसाची गोळी देऊ नका. झोपेची नाही, सर्दीची नाही, तापाची तर नाहीच. आणि "थोडी मोहाची पाजा, पडून राहते" असं सांगणारा प्रत्येक गावात एक तरी असतो. दारू आणि भांग कुत्र्याला विष आहे, आणि नशेत ओकारी श्वासनळीत गेली तर सकाळ दिसत नाही. कानात कापसाचे बोळे कोंबायचाही सल्ला मिळेल. आत ढकललेला बोळा कानाला इजा करतो. अंगाभोवती जुना दुपट्टा घट्टसर गुंडाळल्याने काही कुत्री शांत होतात. आधी करून बघा, श्वास मोकळा राहील इतपतच बांधा आणि त्याला नकोसं झालं तर सोडा.

रेबीजची लस झाली नसेल तर याच फेरीत टोचून घ्या. घाबरलेला कुत्रा घरच्यालाही चावतो. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुत्रा घरचा आहे म्हणून थांबू नका.

आठवडाभर आधी

गळपट्टा तपासा. दोन बोटं आत जातील इतका सैल, पण डोक्यावरून निघणार नाही इतका घट्ट. त्यावर पक्क्या शाईने मोबाइल नंबर लिहा. एवढं एक केलं असतं तर आमचा काळ्या पहिल्याच दिवशी मिळाला असता, कारण शेजारच्या गावातल्या गुराख्याने त्याला पाहिलं होतं, पण कोणाचा ते त्याला माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. कुंपण आणि फाटकाखालची फट बुजवा.

मग शेजाऱ्यांशी बोला. भांडायला नव्हे, विचारायला जा. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना मी काळ्याची गळ्यावरची खूण दाखवली. पुढच्या वर्षापासून ते मोठे बॉम्ब घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत जातात आणि निघताना "काका, चाललो हो" म्हणून ओरडून सांगतात. फुलबाज्या, अनार, भुईचक्र गल्लीतच, ते कोणालाच नडत नाहीत. रात्री 10 ते सकाळी 6 मोठ्या आवाजाचे फटाके फोडता येत नाहीत हा नियम आहे, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ घालून दिली. हे माहीत असावं, पण बोलण्याची सुरुवात यापासून करू नका. कुत्र्याच्या शेपटीला लड बांधणं हा मात्र वेगळा मामला. तो 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे सरळ 112 ला फोन करा.

हरित फटाक्यांबद्दल एक. ते आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने पुढाकार घेऊन विकसित केले. त्यांचा मुख्य फायदा धूर कमी होण्यात आहे. हरित सुतळी बॉम्बही फुटतो तेव्हा मोठ्यानेच फुटतो.

त्या दिवशी

दुपारी चारच्या सुमारास लांब फिरवून आणा, दमू द्या. पाचला पोटभर जेवण. दिवस मावळायच्या आत लघवी-शी, तीही दोन दोऱ्या लावून: एक गळपट्ट्याला, एक छातीवरून. सुरक्षित वाटणारा कुत्राही पहिल्या लवंगीला उसळतो. सहाच्या आत तो खोलीत. पाण्याचं भांडं आत. साखळी काढून टाका. बंद खोलीत बांधलेला कुत्रा बाजेला गुंडाळला जाऊन गळा आवळून घेऊ शकतो.

आता कूलर. आपल्याकडे उन्हाळ्यात वैताग आणणारी त्याची घरघर इथे कामी येते. पंप बंद ठेवून नुसता पंखा लावा. सलग, एकसुरी आवाजात बाहेरचे छोटे फटाके बुडून जातात. मात्र खिडकीत बसवलेला कूलर बाहेरचा धूर आत ओढतो, म्हणून खोलीत आत ठेवायचा कूलर किंवा टेबल फॅन वापरा. आणि हा आवाजही चार-पाच दिवस आधीपासून ओळखीचा करा. गावात वीज जायची वेळ सांगून येत नाही, म्हणून सेलवरचा रेडिओ हाताशी असू द्या.

घरातल्या एकाने त्याच्याजवळ थांबावं. आम्ही पाळी लावतो: पूजा होईपर्यंत पुतणी, मग मी. नेहमीच्या आवाजात बोला. तो बाजेखाली गेला तर ओढून काढू नका. तो मांडीशी आला तर हात फिरवा. "जवळ घेतलं की आणखी भित्रा होतो" हे खरं नाही. भीती ही भावना आहे, भाकरीसाठी केलेली युक्ती नाही, धीर दिल्याने ती वाढत नाही. वाढते ती रागावल्याने, मारल्याने आणि "बघ, काही नाही" म्हणून बाहेर फटाक्याजवळ नेल्याने.

प्रत्येक मोठ्या धमाक्यानंतर लगेच एक अंड्याचा किंवा बिनमसाल्याच्या, बिनहाडाच्या कोंबडीचा तुकडा. आधी आवाज, मग तुकडा, हाच क्रम. काळ्या पहिल्या वर्षी काहीच खात नव्हता. दुसऱ्या वर्षी नऊनंतर त्याने पहिला तुकडा घेतला. आता धमाका झाला की माझ्या हाताकडे बघतो. फराळ मात्र देऊ नका. चिवड्यातला कांदा-लसूण, बेदाणे, पाहुण्यांनी आणलेलं चॉकलेट, सगळंच त्याला घातक आहे.

लेकरांना सांगून ठेवा की खोलीत जायचं नाही, त्याला मिठी मारायची नाही. आणि दाराची जबाबदारी एकावरच. फराळाचं ताट घेऊन कोणी तरी येतं, कवाड उघडं राहतं आणि तेवढ्यात कुत्रा जातो. हे मी तीन घरांत पाहिलंय.

सुटलाच तर

मागे धावू नका, तो आणखी लांब जाईल. पहाटे पाचला, गाव शांत झालं की निघा. आवाजाच्या विरुद्ध दिशेने शोधा: नाला, तुरीची ओळ, पुलाचा पाइप. कठडा नसलेल्या विहिरींमध्ये बॅटरी मारून बघा. डुकरांसाठी तारेत करंट सोडणारी वावरं असतात, तिथे आधी मालकाला फोन करा आणि मगच पाय टाका. दूधवाला, गुराखी, जागलीवाले, एसटी स्टँडवरचा चहावाला, यांना फोटो दाखवा. दिसला तर खाली बसा, बाजूला तोंड करून हळू हाक मारा. तुमचा वापरलेला दुपट्टा आणि पाणी तिथे ठेवून थोडं मागे सरका.

भाजला असेल तर साधं, स्वच्छ पाणी 10 ते 20 मिनिटं ओतत राहा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. फटाक्याची दारू खाल्ली असेल तर मीठपाणी पाजून ओकारी काढायचा प्रयत्न नको, सरळ डॉक्टर. म्हणूनच सकाळी अंगण झाडल्याशिवाय कुत्र्याला सोडू नका. न फुटलेले फटाके तो तोंडात धरून आणतो.

पुढचे दोन-तीन दिवस त्याला दोरीवरच फिरवा. भीती एका रात्रीत उतरत नाही आणि फटाकेही संपत नाहीत: पाडवा आणि गायगोधन, भाऊबीज, झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) मंडईची जत्रा, मग तुळशीचं लग्न आणि लगेच लग्नसराईच्या वराती. खोली तोवर तशीच राहू द्या.

गल्लीतल्या कुत्रीसाठी

भाद्रपदातली कुत्री आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतात. कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा, म्हणजे भाद्रपदापासून मोजलं तर पिल्लं नेमकी दिवाळीच्या आसपास पडतात. कोणाच्या तरी भिंतीआड, पऱ्हाटीच्या ढिगात. धमाक्याने घाबरलेली आई पिल्लं तोंडात धरून जागा बदलत राहते, एखादं मागे राहतं, थंडीने मरतं. दसऱ्यानंतर गल्लीत पोटुशी कुत्री दिसली तर रिकाम्या ओट्याखाली किंवा पडक्या खोलीत कुटाराचा जाड थर घालून जागा करून द्या, तीन बाजूंनी आडोसा, तोंड रस्त्याच्या उलट. पाणी ठेवा, रोज एक भाकर ठेवा. तिला उचलून नेऊ नका, ती स्वतः येते. आमच्या मागच्या पडवीत गेल्या वर्षी एकीने पाच पिल्लं घातली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी काळ्याजवळ होतो आणि आई, जिला घरात कुत्रं नको होतं, ती कंदील घेऊन दोनदा पडवीत जाऊन पिल्लं मोजून आली.